नानामामांची ड्यूटी

नानामामा रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, हे फक्त पेन्शन खात्याला माहीत आहे. भुसावळला 34 वर्षं गार्ड. आता त्या पदाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण मामांसमोर म्हणून बघा! कुठल्याही गाडीत बसण्याआधी मामा शेवटच्या डब्यापर्यंत चालत जाऊन 'एल. व्ही.'ची पाटी पाहून येतात. वऱ्हाडाची बस असली तरी मागे एक चक्कर होतेच.

बर्मिंगहॅमला माझ्याकडे आले तेव्हा त्यांना वेल्समधल्या टविनला नेलं. तिथली टॅलिथलिन रेल्वे 1865 ची, खाणीतला पाटीचा दगड वाहण्यासाठी बांधलेली. 1950 मध्ये मालक वारले, गाडी बंद पडायची वेळ आली. तेव्हा हौशी मंडळींनी ती हातात घेतली आणि 1951 पासून तेच चालवताहेत. जगात असं पहिल्यांदाच घडलं. मी हे तळमळीने सांगत होतो आणि मामा रुळांशी उकिडवे बसले होते.

"तीन विती. सव्वादोन फूट. आपल्या माथेरानपेक्षा तीन इंच जास्त."

गार्ड सत्तरीचा, बटणं चकचकीत, पूर्वी बँकेत होता म्हणे. मामांनी माझ्यामार्फत चौकशी सुरू केली. ओव्हरटाईम? पगारच नाही. उलट सोसायटीची वर्गणी भरावी लागते. मामांनी मला बाजूला ओढलं.

"भाचेबुवा, पदरचे पैसे भरून ड्यूटी? यांची युनियन झोपलीय का?"

गार्ड रंगात आला होता. थॉमस इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे पाद्री ऑड्री इथेच हौशी गार्ड होते. एकदा चहा-फराळ विकणाऱ्या बाईंना मागे ठेवून त्यांनी गाडी सोडून दिली.

"मग? चार्जशीट?"

"नाही. त्यांनी त्यावर गोष्ट लिहिली."

"आमच्याकडे इन्क्रिमेंट गेलं असतं," मामा म्हणाले. आवाजात राग होता की हेवा, कळलं नाही.

डब्यांना दारं एकाच बाजूला. पुलांखाली दुसऱ्या बाजूला जागाच पुरत नाही. ही अडचण मामांना फार आवडली. "म्हणजे पब्लिक चुकीच्या बाजूला उतरायची भानगडच नाही!" मग ते शेपटाकडे गेले. लाल दिवा जागेवर होता. रुमालाने त्याची काच पुसली, तेव्हा कुठे डब्यात चढले.

सुटायच्या वेळी गार्डाने खिशातलं घड्याळ काढलं. मामांनी मनगटावरचं एचएमटी पुढे केलं. अर्ध्या मिनिटाचा फरक. दोघांनी एकमेकांच्या घड्याळाकडे पाहिलं आणि दोघांनीही मान हलवली. भाषा येत नसली तरी अर्थ कळण्यासारखा होता.

"चांगला माणूस," परतताना मामा म्हणाले. "फक्त घड्याळ पुढे आहे त्याचं."

मी मोबाईलवर पडताळून पाहिलं होतं. गार्डाचंच बरोबर होतं. पण गाडी मला चालवायची होती, आणि बर्मिंगहॅम अजून तीन तास दूर होतं.