डाव्या पायाचा वैद्य

पार्किंगमध्ये कुणी रिव्हर्स टाकताना 'कर्रर्र' असा आवाज काढला की पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून जे डोकं बाहेर येतं, ते नानांचं. तोंडात टूथब्रश असला तरी निदान थांबत नाही. "क्लच पूर्ण सुटत नाहीये!" ब्रश बाजूला करून नाना जाहीर करतात आणि चूळ भरायला आत जातात. गाडीवाल्याला वाटतं, सुटलो. तो फाटकापर्यंत पोचेस्तोवर नाना बनियनवर शर्ट चढवून खाली हजर असतात.

हे नाना कोथरूडपासून धनकवडीपर्यंत, जिथे जिथे पार्किंगवरून भांडणं होतात तिथे तिथे आढळतात. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे बापू. नोकरी बँकेत, पाटबंधाऱ्यात, टपालात कुठेही झालेली असते. मोटारीशी तिचा संबंध नसतो. खरा मेकॅनिक निवृत्त झाला की बॉनेटकडे ढुंकून पाहत नाही. नानांची सगळी विद्या एका मारुती 800 वर कमावलेली. 1983 च्या डिसेंबरात ही गाडी रस्त्यावर आली आणि पुढे काही वर्षांनी, दुसऱ्याकडून फिरून, नानांकडे आली. तिचा क्लच केबलवर चालायचा, आणि मुंबईहून येताना ती केबल एकदा वाटेतच तुटली. पायडल जमिनीला टेकलं ते वर येईना. नानांनी इंजिन बंद केलं, पहिला गिअर टाकून तसाच स्टार्टर मारला, गाडी गचके खात निघाली आणि पुढचे गिअर नुसत्या इंजिनाच्या आवाजावर, क्लचशिवाय टाकत ते घरी आले. यात अशक्य काही नाही, जुने ट्रकवाले हे करायचे. फक्त केबल तुटल्याची जागा वर्षागणिक मुंबईच्या बाजूला सरकते. पूर्वी ती तळेगावला तुटली होती, मग लोणावळ्याला, हल्ली खोपोलीला तुटते. आणखी दोन दिवाळ्यांत पनवेल गाठेल असा सोसायटीचा अंदाज आहे.

नाना रोग्याची नाडी पाहतात ती डाव्या पायाने. आधी चप्पल काढतात. मग ड्रायव्हरच्या जागेवर बसून, डोळे मिटून, पायडल दोनतीनदा हलकेच दाबतात. वरचं थोडं मोकळं अंतर हाताला, म्हणजे पायाला, लागलं की मान डोलते. पायडल लोण्यासारखं खाली गेलं तर कपाळाला आठी. "हायड्रॉलिक आहे ना? लाइनमध्ये हवा शिरलीय. किंवा सिलिंडर गळतोय. ऑइलची डबी बघ." डबीत क्लचचं ऑइल खरंच कमी असतं. पायडल दगडासारखं जड लागलं तर केबल, नाहीतर प्रेशर प्लेट. ही माहिती बरोबर असते, हीच नानांची मोठी अडचण आहे. माणूस पूर्ण चुकीचा असता तर लोकांनी त्याला केव्हाच टाळला असता.

मग कान. "पायडल दाबल्यावर कुंईऽऽ असा आवाज येतो, की सोडल्यावर?" या प्रश्नावर मालक हमखास गोंधळतो, कारण तो गाणी लावून गाडी चालवतो. नाना कानातलं श्रवणयंत्र काढून खिशात ठेवतात. मशीनमधून सगळीच बेअरिंगं वाजतात असं त्यांचं मत आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू. पायडल दाबलं की आवाज येतो, सोडलं की जातो, तर रिलीज बेअरिंग. उलट झालं, सोडल्यावर आवाज आणि दाबल्यावर शांतता, तर दोष क्लचचा नाही, गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या बेअरिंगचा. हे दुसरं निदान नाना पडेल आवाजात सांगतात. गिअरबॉक्स त्यांच्या अखत्यारीत येत नाही.

आणि मग त्यांची लाडकी परीक्षा. परवा दुसऱ्या विंगमधला एक मुलगा तावडीत सापडला. जुनी हॅचबॅक नुकती घेतलेली, चेहऱ्यावर अजून पेढ्यांचा आनंद.

"एक्सलेटर दिला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पळत नाही. बरोबर?"

"हो नाना. पिकअप जरा कमी..."

"पिकअप नाही, क्लच स्लिप होतोय. हँडब्रेक ओढ. पूर्ण ओढ रे, खेळणं आहे का ते? समोर कुणी नाही ना? आता तिसरा टाक. थोडी रेस दे आणि क्लच हळूहळू सोड."

क्लच धड असेल तर इंजिनाने एक आचका देऊन बंद पडायला हवं. मुलाने पायडल सोडत सोडत पूर्ण सोडलं. इंजिन आपलं घुर्रऽऽ करत चालूच. गाडी जागची हलली नाही, इंजिनही मेलं नाही. मधे कुठेतरी प्लेट नुसती घसरत होती. नानांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे समाधान पसरलं ते त्यांच्या मुलाच्या लग्नातही दिसलं नव्हतं, असं त्या लग्नाला गेलेले सांगतात.

"गेली," नाना म्हणाले. "आणि परत परत असं करून बघू नकोस, उरलेली पण जाईल. गिअरबॉक्स उतरवायला लागणार. तो खाली घेतलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, तिन्ही एकदम टाक. मजुरी तेवढीच. आणि जुनी प्लेट मला आणून दाखव."

जुनी प्लेट दाखवण्याची ही अट काटेकोर पाळावी लागते. नाना ती उन्हात धरून बोट फिरवतात. रिवेटं पृष्ठभागाच्या बरोबरीला आली असतील तर झीज वयाची. काळानिळा डाग आणि जळका वास असेल तर चालवणाऱ्याची. तेलाचा ओघळ दिसला तर इंजिनाचं ऑइल सील गळतंय, ते न बदलता नवी प्लेट टाकलीत तर तीही गाडी निघताना थरथरणार. अशा प्लेटा नाना परत देत नाहीत. त्यांच्या गॅलरीत तुळशीची, गवती चहाची, एका कढीपत्त्याची कुंडी याच प्लेटांवर उभी आहे.

मोटारीत इतके भाग असताना नानांनी क्लचच का धरला, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. उत्तर त्या प्लेटच्या डागात आहे. बॅटरी वयाने जाते, टायर खिळ्याने जातो, त्यात मालकाला बोल लावता येत नाही. क्लच मात्र बहुतेक वेळा मालकच मारतो. त्यामुळे क्लचचं निदान म्हणजे दुसऱ्याच्या स्वभावावर सकाळी साडेसातला, त्याच्या संमतीने, तोंडावर बोलण्याची सोय. "सिग्नलला पहिला टाकून क्लच दाबून उभा राहतोस ना? साठ सेकंदाचा सिग्नल! त्यानेच बेअरिंग जातं." "चढावर ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलता का तुम्ही? वाटलंच." समोरचा काय सांगणार? तो खरंच तोलत असतो.

पुतणीसाठी स्थळ आलं तेव्हा नानांनी पत्रिका पाहिली नाही. मुलाला म्हणाले, चला, सिंहगडावर जाऊन येऊ. तेही रविवारी, जेव्हा वरपर्यंत गाड्यांची रांग लागलेली असते. जाताना नाना शेजारी बसून रस्त्याकडे नव्हे, मुलाच्या डाव्या गुडघ्याकडे बघत होते. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही वगैरे सगळं यथासांग झालं. घरी आल्यावर निकाल: "मुलगा सालस आहे. पगार चांगला. पण सारखा अर्ध्या क्लचवर असतो. धड सोडत नाही, धड दाबत नाही." लग्न झालं. पुतणी आता कधीमधी म्हणते की काकांचं ऐकायला हवं होतं; पण ते हॉटेलात काय मागवायचं यावरून.

बायकांच्या ड्रायव्हिंगवर नाना पूर्वी सर्रास बोलत. कुणाचाही क्लच गेला की पहिला प्रश्न, "वहिनी चालवतात का?" हा प्रश्न नानींनी बंद पाडला. नानांनी त्यांना गाडी शिकवायला घेतली होती, पण पहिल्याच फेरीत "क्लच, क्लच, अगं क्लच!" असा घोष ऐकून त्या भर कर्वे रस्त्यावर उतरल्या आणि रिक्षाने घरी आल्या. पुढे गुपचूप ड्रायव्हिंग स्कूल लावलं. त्यांच्या गाडीचा मूळचा क्लच अजून चालू आहे; नानांनी दरम्यान दोन बदलले. कारण विचारलं तर नानी म्हणतात, "गिअर बदलला की मी पाय काढून घेते. यांचा पाय आपला कायम तिथेच, तपासत."

एक श्रेय मात्र नानांना द्यायलाच हवं. गेल्या पावसाळ्यात तळमजल्यावरच्या साहेबांच्या गाडीचे गिअर पडेनात. सर्व्हिस सेंटरने क्लच सेटचा भलामोठा अंदाज काढून दिला. नानांनी चप्पल काढली, पाय घातला, आणि न बोलता खाली वाकले. कंपनीची मॅट, तिच्यावर रबरी मॅट, तिच्यावर सेलमध्ये घेतलेली जाडजूड चामडी मॅट, आणि चिखल नको म्हणून सगळ्यावर आठवडाभराची वर्तमानपत्रं, ओली होऊन फुगलेली. पायडलला खाली जायला जागाच नव्हती. नानांनी थर उपसून बाहेर टाकला, गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. साहेब हात जोडू लागले तर नाना थोडे खट्टूच दिसले. गिअरबॉक्स न उतरवता रोगी बरा झाला, याला ते उपचार मानत नाहीत.

मेकॅनिकांचं आणि नानांचं जमत नाही, हे सांगायला नको. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात ते काउंटरवर उभे राहिले की आतला पोऱ्या मालकाला हाक मारतो. गॅरेजमधला उस्ताद तर नानांचं सगळं ऐकून घेतो, गाडी एक फेरी मारून आणतो, आणि "बघतो" एवढंच म्हणतो. पाठीमागे बरोबर नानांनी सांगितलेलंच काम करतो. बिलात मात्र निदानाचा आकार स्वतःचा लावतो.

हल्ली नानांवर वाईट दिवस येतील असं वाटलं होतं. 2014 मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे स्वस्तातली एएमटी आली आणि बघता बघता सोसायटीतली निम्मी डावी पायडलं नाहीशी झाली. नाना काही महिने गॅलरीत गप्प असत. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की एएमटीत गिअरबॉक्स साधाच असतो, आतमध्ये तीच प्लेट, तीच प्रेशर प्लेट. दाबायचं काम तेवढं पायाऐवजी यंत्र करतं. त्या रात्री नानांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या म्हणे.

परवा नव्या एएमटीवाल्याची गाडी चांदणी चौकातल्या गर्दीतून आली ती जळका वास घेऊनच. नाना खाली उभेच होते.

"क्लचचा वास येतोय."

"नाही हो नाना," तो हसून म्हणाला, "ऑटोमॅटिक आहे. हिला क्लचच नाही."

नाना दोन पावलं जवळ आले आणि चप्पल काढत म्हणाले, "असं? मग चढावर गाडी थांबली होती तेव्हा तुझा पाय ब्रेकवर होता, की एक्सलेटरवर?"