कापा की बरका?

१ मे १९८१ ला रत्नागिरी जिल्हा फुटला आणि सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याच महिन्यात मी फणस फोडला. जिल्ह्याची फोड त्यामानाने नीट झाली.

तेव्हा मी १० वर्षांचा. बाबा गिरणीत, बिऱ्हाड लालबागच्या चाळीत आणि ‘घर’ मात्र रत्नागिरीजवळच्या गावात. चाळीत मी ‘कोकण्या’, गावात ‘मुंबैकर’. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला अजून १७ वर्षं होती. रात्रभर एसटीत बसायचं, कशेडी घाटात ओकायचं आणि सकाळी उतरलो रे उतरलो की चुलत भावंडं विचारायची, “मुंबैकर, यंदा किती दिवस?” या खेपेला ठरवलं, फणस मीच फोडणार. एकदाचा गाववाला होऊन टाकतो!

चार टिचक्या मारल्या, कान लावला आणि जाहीर केलं, “कापा!” निघाला बरका, मऊ लिबलिबीत गऱ्यांचा. कापा-बरका झाडावरून ओळखतात, वाजवून फार तर पिकलाय की नाही ते कळतं, हे मला मागाहून समजलं. आजी पडवीतून ओरडत होती, “मेल्या, आधी हाताला तेल लाव!” पण भावंडांना तेल लावताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती मागीलदारी लावून यायची. कोयता रुतला, तो सोडवताना हात चिकाने बरबटले, त्याच हातांनी कपाळावरचे केस मागे सारले. ते मागेच राहिले. खोबरेल झालं, रॉकेल झालं, शेवटी वस्तरा झाला.

जूनमध्ये शाळेत बाईंनी माझ्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत हळूच विचारलं, “कोण गेलं रे?” खरं सांगितलं असतं तर वर्गभर हसं झालं असतं. म्हटलं, “आजोबा.” ते माझ्या जन्माआधीच गेले होते, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आमचं घर गावात, म्हणून आम्ही गावात येऊन बसलो. ते कायमचेच. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाची नात टूटू याच रत्नागिरीत मराठी बोलत इथली होऊन गेली. मला लालबागहून यायला ४० वर्षं पुरली नाहीत.

परवा बाजारात फणस वाजवून बघत होतो. फणसवाली म्हणाली, “वाजवून नाय कळत हो ते. मुंबैसनं आलात काय?”

“कापा आहे,” मी ठणकावलं आणि तोच घेतला.

घरी येऊन आधी हाताला तेल लावलं. मागीलदारी जाऊन.