समस्त सल्लागार काकांस अनावृत पत्र

तीर्थरूप काका, मामा, आत्याचे यजमान आणि सोसायटीचे माजी सेक्रेटरी यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं वेगळे होतोय, ही बातमी पोचताच आपल्या दिवाणखान्यात कौटुंबिक न्यायालय भरलं. नोटीस नाही, दुसऱ्या पक्षाला बोलावणं नाही, आणि चहा यायच्या आत निकाल! सरकारला असं न्यायालय काढायला १९८४ साली कायदा करावा लागला. त्यातलं नववं कलम न्यायाधीशांनाच बजावतं की आधी समेटाचा प्रयत्न करा. आपल्याला ही अडचण नव्हती. "खेच त्याला कोर्टात," हे आपलं पहिलंच वाक्य.

मग "मोठा वकील गाठ, पैसे लागतील ते लागू देत." लागणार ते माझे. काका, या कोर्टात वकील उभा करणं हा पक्षकाराचा हक्क नाही, त्याला कोर्टाची परवानगी लागते. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईमाणसाला उत्पन्न न विचारता फुकट वकील देतं. १५१०० वर फोन करायचा. ही सोय आपल्या कानावर आली नसेल, कारण तिथं आपल्या साडूची ओळख लागत नाही.

दागिने स्वतःच्या लॉकरमध्ये ठेवून घ्यायची तयारी दाखवलीत, ती मात्र मनाला भिडली. फक्त २०२० पासून, रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर, पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देणी शपथेवर लिहून द्यावी लागतात. म्हणजे खोटी शपथ माझी आणि किल्ली आपल्याकडे.

आता मुलीचं. "पाच वर्षांखालचं मूल आईकडेच," असं आपण छातीठोकपणे सांगितलंत. १९५६ च्या कायद्यात तसं आहे, पण सहसा. आणि शेवटी मुलाचं हित सर्वांत वर, हेही त्यातच आहे. शिवाय पोरगी आठ वर्षांची आहे. केकवर आठ मेणबत्त्या आपणच लावल्या होत्यात.

तिचा जबाबही आपण घेतलात. दिवाळीच्या फराळाला, भरल्या घरात, हातात चकली देऊन: "खरं सांग, आई जास्त आवडते की बाबा?" तिनं चकलीचं एकेक वेटोळं सोडवत बसून राहणं पसंत केलं. आपण त्याचा अर्थ "आई" असा लावलात, मामींनी "बाबा" असा. न्यायाधीशांना मुलाचं मन जाणायचं असलं की ते त्याला चेंबरमध्ये घेतात, आईबापांना बाहेर बसवून. कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी तर आवडीनिवडीचं विचारलंच नाही. शाळेच्या व्हॅनपाशी कोण सोडतं, ताप आला की रात्री कोण उठतं, गणित कोण घेतं, एवढंच. गणित तिचे बाबा घेतात. तसं मी सांगितलं. आपल्या मते हा मूर्खपणा. केस कमकुवत झाली म्हणे.

तर केस अशी आहे की आम्ही संमतीनं अर्ज करतोय. शाळेचे दिवस माझ्याकडे, शनिवार-रविवार त्यांच्याकडे, मे महिना निम्मा-निम्मा, आणि फी दोघांत. सहा महिने थांबण्याची अटही कोर्ट योग्य वाटल्यास शिथिल करू शकतं, सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच तसं सांगितलंय. आपल्या निकालावर अपील कुठं करतात, तेवढं कळवावं.

आपली आज्ञाधारक पुतणी

ता. क. शनिवारी दहाला तिचे बाबा तिला न्यायला येतील. जिन्यात उलटतपासणी नको. आणि गेटसमोरची स्कूटर जरा बाजूला घ्या, त्यांना गाडी वळवता येत नाही.