बंदीचं पत्र लगेच निघतं

‘इस्लाममध्ये चित्राला मनाईच आहे,’ असं आपल्याकडे दोन गट ठासून सांगतात. एकाला कशावर तरी बंदी आणायची असते. दुसऱ्याला मुसलमानांचा आणि कलेचा काही संबंध नाही, हे सिद्ध करायचं असतं. एरवी दोघांचं एका गोष्टीवर जमत नाही, इथं मात्र पक्कं जमतं. आणि या एकमतात बळी जातो तो मुसलमान चित्रकार. त्याचं अस्तित्वच दोघांना अडचणीचं आहे.

ज्याला पडताळून पाहायचं असेल त्यानं कोलकात्याच्या दक्षिणेला बेहालाकडे जावं. डायमंड हार्बर रोडवर बेहाला चौरस्ता, सखेर बाजार, ठाकुरपुकुर ओलांडलं की जोका येतं. हल्ली मेट्रोही तिथवर जाते. जोक्याला आयआयएम आहे हे आपल्या पोरांना पाठ असतं. त्याच जोक्याला ब्रतचारीग्राममध्ये गुरुसदय संग्रहालय आहे, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. गुरुसदय दत्त हे आयसीएस अधिकारी. जिल्ह्याजिल्ह्यात बदलीवर फिरताना त्यांनी बंगालच्या खेड्यांतल्या कांथा म्हणजे भरतकामाच्या गोधड्या, मातीच्या बाहुल्या, लाकडाचं कोरीवकाम आणि पटुआंचे रंगवलेले पट गोळा केले. १९४१ मध्ये ते गेले. त्यांच्या या संग्रहावर संग्रहालय उभं राहिलं.

पटुआ म्हणजे कोण? कापड लावून मजबूत केलेल्या लांब कागदावर एकाखाली एक चौकटी रंगवायच्या, गुंडाळी काखेत मारायची, गावोगाव जायचं, दारात ती उलगडत एकेका चौकटीवर बोट ठेवून गाणं म्हणायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. आडनाव चित्रकर. पश्चिम मेदिनीपूरच्या पिंगला भागातलं नया गाव आज त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. यातले बहुतेक मुसलमान. निकाह लागतो, मयत दफन होते. पण चितारतात दुर्गा, मनसा, राम-सीता, कृष्ण. अनेकांची दोन नावं असत, एक घरचं आणि एक धंद्याचं. हेच हात बंगालच्या लोकांचे संत सत्यपीर आणि गाझी पीर हेही रंगवतात.

गाझीचा पट नीट बघण्यासारखा असतो. मधली चौकट सगळ्यांत मोठी. दाढीवाला गाझी पट्टेदार वाघावर मांड ठोकून बसलेला, हातात साप, जवळ त्याचा सोबती कालू. वरखाली गाझीचे चमत्कार, आणि सगळ्यांत शेवटी यमदूत, कालदूत आणि पाप्यांची मुंडकी शिजवणारी यमाची आई. पीराच्या पटात यम काय करतो, असा प्रश्न ना चितारणाऱ्याला पडला, ना दारात उभं राहून ऐकणाऱ्या बायाबापड्यांना. असा साधारण १८०० सालचा, चौपन्न चौकटींचा, सुमारे तेरा मीटर लांबीचा एक पट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवलेला आहे.

आणि आपल्याकडचे? गुरुसदय संग्रहालय केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अनुदानावर चालत होतं. २०१७ मध्ये मंत्रालयानं हात काढून घेतला. स्वतःचे पैसे स्वतः उभे करा, असं सांगण्यात आलं. लोककलेच्या संग्रहालयानं पैसे कुठून उभे करायचे? तिकिटांवर? कर्मचाऱ्यांचे पगार थकले. दमट हवेत कागद आणि जुनं सुती कापड टिकवायला रोजची देखभाल लागते, आणि ती माणसांनीच करायची असते. त्या माणसांचाच पगार बंद.

आता दुसरं सरकारी काम बघा. इराणी दिग्दर्शक माजिद माजिदी यांनी २०१५ मध्ये पैगंबरांच्या बालपणावर चित्रपट केला. संगीत ए. आर. रहमान यांचं. पैगंबरांचा चेहरा कुठंही दिसणार नाही याची काळजी घेऊन तो चित्रित झाला आहे. तरी मुंबईच्या रझा अकादमी या मुस्लिम संघटनेनं माजिदी आणि रहमान दोघांविरुद्ध फतवा मिळवला. आपण चित्रपट दिग्दर्शित केलेला नाही, निर्माण केलेला नाही, फक्त संगीत दिलं आहे, असा खुलासा रहमान यांना करावा लागला. पाच वर्षांनी, जुलै २०२० मध्ये, तोच चित्रपट एका अ‍ॅपवर येणार अशी बातमी आली. रझा अकादमीनं तक्रार केली, आणि महाराष्ट्राचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी बंदीची मागणी करणारं पत्र केंद्राला धाडलं. कोरोनानं राज्य हैराण होतं, पोलिस दिवसरात्र रस्त्यावर होते, तरी या पत्राला वेळ मिळाला.

मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. बंदीचं पत्र लगेच निघतं. पट सांभाळणाऱ्याच्या पगाराचं पत्र वर्षानुवर्षं निघत नाही. पत्र पाठवणारे एका पक्षाचे, अनुदान थांबवणारे दुसऱ्या पक्षाचे. श्रद्धेचा मान राखला असं दोघंही छातीठोकपणे सांगू शकतात, आणि त्या श्रद्धेनं जे प्रत्यक्ष घडवलं, रंगवलं, गायलं, त्याकडे दोघांचीही पाठ.

मुळात मनाई कशाला आणि किती, हा वाद मुसलमानांच्या आतलाच आहे आणि तो शेकडो वर्षं चालू आहे. कुराणाचा सगळा रोख मूर्तिपूजेवर आहे. चित्रावर थेट कडक बोल आहेत ते हदीसमध्ये. त्यांचा अर्थ वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या मुलखात वेगळा लावला गेला. तबरीझमध्ये चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला वजीर रशीदुद्दीन याच्या देखरेखीखाली जगाचा इतिहास लिहिला गेला. त्याच्या हस्तलिखितात पैगंबर चेहऱ्यासकट आहेत. ते चितारणारे मुसलमान राजवटीच्या आश्रयाला होते. पुढं हात आखडला. तुर्की सुलतान तिसरा मुराद यानं पैगंबरांचं सचित्र चरित्र करवून घेतलं, ते १५९५ मध्ये पुरं झालं. त्यात पैगंबरांच्या चेहऱ्यावर पांढरा पडदा आहे आणि डोक्याभोवती सोनेरी ज्वाळा. मुस्तफा अक्कादच्या १९७६ सालच्या ‘द मेसेज’ चित्रपटात पैगंबर दिसतही नाहीत, त्यांचा आवाजही येत नाही. समोरची माणसं कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. चेहरा, मग पडदा, मग नुसती जागा. या प्रत्येक पायरीवर कुणीतरी कलावंत बसून डोकं चालवत होता. ‘मनाईच आहे’ असं म्हणून टाकलं की ही सगळी अक्कल एका फटक्यात पुसली जाते.

ज्याला असं चित्र बघायचं नाही त्यानं बघू नये. त्याच्या न बघण्याचा मला पूर्ण आदर आहे, आणि त्याला डिवचायला म्हणून व्यंगचित्र काढणाऱ्याबद्दल मला काडीची आपुलकी नाही. पण स्वतः न बघणं वेगळं आणि दुसऱ्याचे डोळे मिटवणं वेगळं. अमेरिकेतल्या हॅमलिन विद्यापीठात २०२२ मध्ये कलेतिहास शिकवणाऱ्या एका बाईंनी रशीदुद्दीनच्या त्याच ग्रंथातलं चित्र वर्गात दाखवलं. आधी सूचना देऊन, ज्यांना नको त्यांनी पाहू नये असं सांगून. तरी त्यांना पुढचं सत्र मिळालं नाही. मुसलमानांनी काढलेलं चित्र मुसलमानांचा अपमान म्हणून गणलं गेलं.

कोलकात्यानं याची किंमत रक्तानं मोजली आहे, हेही सांगितलं पाहिजे. १९३१ मध्ये कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकांच्या गल्लीत भोलानाथ सेन या प्रकाशकाचा खून झाला. त्यांनी छापलेल्या एका पुस्तकात पैगंबरांचं चित्र होतं. मारणारे दोघं तरुण पार वायव्येकडून त्यासाठी आले होते. दोघांनाही फाशी झाली. ते बंगालचे नव्हते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कारण बंगालच्या मुसलमानानं आपल्या पूज्य पुरुषांविषयी मौन कधीच पाळलं नव्हतं. सय्यद सुलतान या कवीनं कित्येक शतकांपूर्वी ‘नबीवंश’ लिहिलं आणि पैगंबरांच्या मालिकेत कृष्णालाही आणून बसवलं. मीर मुशर्रफ हुसेन यांनी करबलावर ‘विषादसिंधू’ लिहिलं, ते घराघरांत वाचलं गेलं. नझरुल इस्लाम यांनी पैगंबरांचं पद्यचरित्र लिहायला घेतलं, ते अपुरं राहिलं. पैगंबर आणि नबी इथं शब्दांनी रंगवले, पीर रंगांनी.

बेहालाचा तो डायमंड हार्बर रोड आणखी दक्षिणेला जातो, सुंदरबनच्या मुलखाकडे. तिथं बनबीबी आहे. मध काढायला, मासे धरायला जंगलात शिरणारा हिंदू असो की मुसलमान, तिचं नाव घेतल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. कथेप्रमाणे ती मक्केच्या इब्राहिमची लेक. तिची मातीची मूर्ती होते. कुठं मुकुट आणि हार घालून देवीसारखी, कुठं टोपी, वेणी आणि पायजम्यातली. मांडीवर कथेतलं दुखे नावाचं पोर दोन्हीकडे सारखंच. आपल्या दोन्ही गटांनी ही मूर्ती एकदा समोर उभं राहून पाहावी.

आणि हे सगळं दूर बंगालमध्ये आहे असं समजून आपण सुटत नाही. सांगली जिल्ह्यात कडेगावला मोहरमचे उंचच उंच ताबूत निघतात, ते बांधण्यात आणि उचलण्यात हिंदू घराण्यांचे मान ठरलेले आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे गावोगाव पीर बसतात. इथला पीर म्हणजे काय, तर काठीवर धातूचा पंजा, त्याला रेशमी वस्त्र गुंडाळलेलं, वर फुलांचे गजरे. पंजाची पाच बोटं म्हणजे पैगंबर, अली, फातिमा, हसन, हुसेन. चेहरा एकही नाही, पण पाचही जण हजर. कुठल्याशा अनाम कारागिरानं शोधलेली ही प्रतिमा आहे, आणि तिच्यापुढं चोंग्यांचा आणि मलिद्याचा नैवेद्य ठेवणाऱ्या मराठा, धनगर, महार बायकांना तिचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागला नाही. साने गुरुजींनी पैगंबरांचं चरित्र मराठीत लिहिलं तेव्हा ते याच समाजासाठी लिहीत होते.

पण याच महाराष्ट्राच्या मातीत, साक्षात पंढरपुरात, १९१५ मध्ये मकबूल फिदा हुसेन जन्मले, आणि त्यांचं आपण काय केलं ते आठवा. पटुआ जे पिढ्यान्‌पिढ्या करतात तेच त्यांनी केलं. मुसलमान हातानं हिंदू देवता रंगवल्या. त्यांच्यावर खटल्यांचा पाऊस पडला, प्रदर्शनं फोडली, घरावर हल्ला झाला. २००४ मध्ये त्यांच्या ‘मीनाक्षी’ चित्रपटातल्या एका गाण्यात कुराणातले शब्द स्त्रीच्या रूपासाठी वापरले म्हणून उलेमांनी आक्षेप घेतला, आणि चित्रपट मागं घ्यावा लागला. एकाच माणसाला दोन्हीकडून मार. दिल्ली उच्च न्यायालयानं २००८ मध्ये त्यांच्यावरची प्रकरणं रद्द केली, पण तोवर ते देश सोडून गेले होते. पंच्याण्णवाव्या वर्षी कतारचं नागरिकत्व, २०११ मध्ये लंडनमध्ये मृत्यू. पंढरपूरच्या माणसाला शेवटची माती परक्या मुलखात मिळाली.

आता पुन्हा बेहालाला या. तिथल्या बारीशा क्लबनं २०२० च्या दुर्गापूजेत दुर्गा म्हणून काय उभं केलं होतं ठाऊक आहे? कडेवर उघडं पोर घेतलेली, पायपीट करत घरी निघालेली स्थलांतरित मजूर बाई. दहा हात नाहीत, झळाळी नाही. लॉकडाउनमध्ये रस्त्यावर दिसलेली ती बाईच देवी झाली, आणि लोक तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले. देवीला इतकं मोकळं रूप घेऊ देणारा तो इलाका आणि पटुआंचे पट पगाराविना पडू देणारा आपला देश, दोन्ही एकाच रस्त्यावर, काही किलोमीटरच्या अंतरात आहेत.

माझं मागणं दोन कार्यालयांकडे आहे. वस्त्रोद्योग मंत्रालयानं जोक्याच्या संग्रहालयाला दरवर्षीची पक्की तरतूद द्यावी आणि २०१७ पासूनच्या पगारांचा हिशेब आधी चुकता करावा. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक कार्य विभागानं कडेगावचे ताबूत, कोल्हापूर-सांगलीचे पंजे, ते घडवणारे तांबट-सोनार, बांबू आणि कागदाचं काम करणारे कारागीर यांची रीतसर नोंद करावी, छायाचित्रांसह, करणाऱ्यांच्या नावांसह. येत्या मोहरमपासून सुरुवात करता येईल. बंदीच्या पत्राला जेवढे दिवस लागले, त्याहून जास्त या आदेशाला लागण्याचं कारण नाही.