पुसून द्या म्हणे!

वॉरंटी संपायला वीस दिवस असताना माझ्या कॉम्प्युटरचा एसएसडी आजारी पडला. वस्तूंच्या मानाने हे सज्जनपणाचंच वागणं. एरवी त्या वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी डोळे मिटतात. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: जुना पाठवा, नवा घ्या. आतली माहिती मात्र ‘ग्राहकाने स्वतःच्या जबाबदारीवर’ पुसावी.

“तुमच्यात चोरण्यासारखं काय आहे?” बायकोने विचारलं आणि मी दुखावलो. मेहकरात बसून लिहिणाऱ्याच्या फाइलींवर जगाचा डोळा असतो, हे तिला कुठून कळावं! खरं कारण निराळं होतं. त्यात माझी सहा मनोगतं होती, पुरस्कार स्वीकारतानाची. पुरस्कार अजून कुणी दिलेला नाही, पण आयत्या वेळी धांदल नको. पहिल्या मनोगतात तिसऱ्याच ओळीत सौ.चे आभार आहेत. चौथ्यात, शब्दमर्यादेपायी काटछाट करताना, सौ. गळाल्या. समीक्षक तेवढे राहिले.

सगळं डिलीट केलं, रिसायकल बिन रिकामी केली, चहा घेतला, मशीन पुन्हा सुरू केलं. सहाही मनोगतं जागच्या जागी!

शेगावला इंजिनिअरिंग शिकणारा भाचा सुट्टीत आला होता. “मामा, हा रीड-ओन्ली झाला. वाचू देते, लिहू देत नाही. अन् पुसणं म्हणजे बी लिहिणंच असते.”

“लोहचुंबक फिरवू?”

“ते जुन्या हार्डडिस्कले. याच्यात चकती नाही, चिपा आहेत.”

“हातोडा?”

“मंग वॉरंटी काहून मागता?”

वर त्याने असंही ऐकवलं, की धडधाकट एसएसडीवर दुसरं काही लिहिलं तरी जुनं मिटेलच असं नाही. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून आतला कंट्रोलर नवा मजकूर भलत्याच कप्प्यात ठेवतो. काही कप्पे तर तो राखून ठेवतो, आपल्याला दाखवतही नाही.

यावरून मला शारंगधर बालाजी आठवला. (मला कशावरूनही तोच आठवतो, मेहकरच्या माणसाला इलाज नाही.) १८८८ साली इथे खोदकामात ही मूर्ती वर आली. काळ्या पाषाणाची, माणसाहून उंच. कुणी पुरली, कुणाच्या धाकाने, गाव विसरून गेलं होतं. वर माणसं ज्वारी दळत होती, भावकीत भांडत होती, पोरींची लग्नं लावत होती, आणि खाली चार हातांचा विष्णू तसाच्या तसा! डिलीट म्हणजे दुसरं काय? देव तिथेच, पत्ता तेवढा हरवलेला. मी हे भाच्याला समजावून सांगितलं. तो “हो मामा” म्हणाला आणि सिक्युअर इरेजच्या मागे लागला.

ड्राइव्ह म्हणाला, ‘फ्रोझन’. भाच्याने मशीन झोपवलं, उठवलं. फ्रोझन गेलं, एरर आली. “पहिल्याच दिवशी एन्क्रिप्शन लावलं असतं, तर किल्ली गेली की काम झालं असतं.” किल्ल्या हरवण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात नसेल. संधी हुकली.

फोल्डर चाळता चाळता त्याच्या बोटाखाली एक आवाज लागला. “हॅलो... हॅलो, आवाज येऊन राह्यला का?”

आबा. रेकॉर्डिंग म्हणजे फोनच, असं त्यांना वाटलं होतं. सव्वादोन मिनिटं ते सोयाबीनचा भाव सांगतात, आणि दर वाक्यानंतर थांबतात. मी काही बोलतो का, म्हणून.

कॉपी दोन ठिकाणी आहे, तो प्रश्नच नव्हता. पण कुठल्याशा सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर, डबा खातखात कुणीतरी हे ऐकणार? माल तुमचा बिघडला, पुसायचं आम्ही, तेही न उघडता, स्टिकरला नख न लावता! तीन हजारांच्या वस्तूसाठी बाप कुरिअरने पाठवायचा?

वॉरंटी गेल्या मंगळवारी संपली. नवा ड्राइव्ह मी पदरचे पैसे टाकून आणला, पहिल्या दिवशीच एन्क्रिप्शन लावलं. जुना कपाटात आहे, आबांच्या चष्म्याच्या डबीशेजारी. चौथं मनोगत त्यावर अजूनही उघडतं. एवढं आमच्या घरी बोलू नका.