माणदेश, ट्रकच्या खालून

माणदेश बघायचा तर व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधनं बघावा, नाहीतर एसटीच्या खिडकीतनं. दाजींच्या ट्रकमधनं बघू नये. पुस्तक 1949 चं, ट्रक त्याच्या कितीतरी नंतरचा. पण दोन्ही शेजारी ठेवले तर पुस्तकाची बांधणी जास्त घट्ट निघेल.

साताऱ्याहून आटपाडीला डाळिंबं भरायला रिकामा ट्रक चालला होता, त्यात मी. मला माणदेशावर लेख लिहायचा होता आणि बहिणीला मी काही दिवस घरात नको होतो. वर्धनगडचा घाट उतरेपर्यंत सगळं ठीक. पुसेगाव मागं पडलं, काटा पन्नासकडं सरकला आणि बुडाखालनं ‘घुर्रर्रर्र’ सुरू झालं. माझ्या कमरेतली एक चकती डॉक्टरांनी नाजूक म्हणून जाहीर केलेली आहे. तिनं ताबडतोब दखल घेतली.

“कुठनं येतंय वो हे?” दाजी म्हणाले.

“कमरेतनं.”

“गाडीचं इचारतोय, पाव्हणं.”

रिकाम्या ट्रकमध्ये न वाजणारी गोष्ट एकच, ती म्हणजे हॉर्न. फाळक्याच्या साखळ्या वाजत होत्या, टूलबॉक्समधले पाने वाजत होते, काचेपुढचा गणपतीसुद्धा वाजत होता. क्लीनर पोरानं साखळ्यांना चिंध्या बांधल्या. खडखड थांबली आणि घुर्रर्र आता नीट ऐकू यायला लागलं.

दहिवडीत हवा भरणारा म्हणाला, टायर. दहिवडीत हवा भरणारा म्हणाला, टायर. दुधाच्या गाडीवाला म्हणाला, कमानपाटा. एक म्हातारबा म्हणाले, नजर. लिंबू-मिरची बांधली. पन्नासच्या पुढं लिंबूही थरथरायला लागलं. आपल्याकडं आजारी माणसाला आणि नादुरुस्त गाडीला बघायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. निदान घेऊनच येतो. चिडून मी कानात बोळे घातले, पण चकतीला कुठले बोळे घालणार? ह्याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओला 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. आम्ही त्याच तालुक्यातनं चाळिसानं चाललो होतो.

म्हसवडला मिस्त्री भेटला. त्यानं पाना उचलायच्या आधी विचारलं, “किती स्पीडला येतंय? नूट्रल करून बघितली?” सपाट, मोकळ्या रस्त्यावर त्यानं स्वतः गाडी पन्नासला नेली आणि न्यूट्रल केली. इंजिनचा आवाज खाली बसला, घुर्रर्र तसंच. “इंजन सुटलं,” मिस्त्री म्हणाला. मग मागच्या जोडचाकांच्या मधे दगड अडकलाय का पाहिलं, जॅक लावून चाकं फिरवून पाहिली. चाकंही सुटली. तो खाली शिरला. पाठोपाठ मीही, कारण आडवं पडलं की चकती गप्प बसते.

वर प्रोपेलर शाफ्ट होता. त्याचे दोन तुकडे दात्यांवर एकमेकांत सरकतात; दोन्हीकडं दुबेळकी आणि त्यात जॉईंट क्रॉस. तिरक्या बसलेल्या अशा जॉईंटमधनं फेरा सारखा बाहेर पडत नाही. एका फेऱ्यात दोनदा पळतो, दोनदा रेंगाळतो. पहिल्याचा हा दोष दुसरा जॉईंट निस्तरतो, पण दोन्ही तुकड्यांची दुबेळकी एका रेषेत असतील तरच. त्यासाठी दोन्ही तुकड्यांवर बाणाची खूण असते. मिस्त्रीनं बोटानं ताजं ग्रीस पुसलं. एक बाण माझ्या नाकाकडं बघत होता, दुसरा आटपाडीकडं.

क्रॉस नुकताच बदलला होता. ते गॅरेज कुठलं, हे लिहीत नाही. दाजींनी त्याला ठेवलेली नावंही छापण्यासारखी नाहीत.

शिव्या संपल्यावर मात्र दाजींनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि उतरवलेला शाफ्ट पुसायला घेतला. नवा टॉवेल होता. “बाराच्या दुष्काळात हितं छावणी हुती,” ते म्हणाले. “उसाचं वाढं हीच वडायची. रातीचं लांबनं हिचा आवाज आला की जनावरं उटून हुबी ऱ्हायाची.” 2012 च्या त्या म्हसवडच्या छावणीबद्दल मी वाचलं होतं. उठून उभ्या राहणाऱ्या जनावरांबद्दल कुठं वाचलं नव्हतं. मला काही विनोद सुचला नाही.

बाण जुळले, बोल्ट आवळले. पुढं माणगंगा कोरडी दिसली, सिद्धनाथाचा कळस दिसला, राजेवाडीचा तलाव राहिला. दिघंचीच्या रस्त्याला काटा साठावर गेला तरी लिंबू हललं नाही.

तेव्हा वाचकहो, गाडी थरथरली तर आधी सपाट, मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रल करून ऐका. इंजिन शांत होऊनही थरथर राहिली तर इंजिन खोलू देऊ नका. आणि शाफ्ट उतरवताना मिस्त्रीशेजारी खडू घेऊन उभे राहा. सुटे करायच्या आधी दोन्ही तुकड्यांवरनं एक सरळ रेघ ओढून घ्या. खडू कुठल्याही दुकानात मिळतो, कमरेची चकती मिळत नाही.