मामांची दुरुस्ती

ज्या गृहस्थाने उभी हयात दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये काढली, भिंतीत खिळा ठोकायचा तरी वरिष्ठांकडे रीतसर अर्ज गुदरला आणि त्या अर्जाची पोच कपाटात जपली, त्याला निवृत्तीनंतर शिरूरच्या वडिलार्जित घराची दुरुस्ती काढण्याची बुद्धी व्हावी, हा नियतीचा विनोदच होय. आमचे मामा त्या जातीचे. ही जात गावोगावी आढळते; बगलेत नकाशाची गुंडाळी, खिशात मोजपट्टी आणि मुखी 'तरतूद आहे का?' हे पालुपद, एवढ्या खुणा पुरेत.

घर माळवदाचे. चौफुला, न्हावरे करीत मामा शिरूरला (त्यांच्या तोंडी अजून घोडनदीच) उतरले की प्रथम जिना चढून माळवद मोजतात. लांबी २० फूट, रुंदी १५ फूट, माती फूटभर जाड. म्हणजे ३०० घनफूट, म्हणजेच ३ ब्रास. हे गणित माझ्यादेखत त्यांनी निदान दहा वेळा केले असेल, आणि दर वेळी उत्तर तेच आल्याचे समाधान त्यांच्या मुद्रेवर विलसत असते. त्या ३ ब्रासांखाली मामी गळतीच्या जागी पातेली मांडत असतात.

अंदाजपत्रकाची वही स्वतंत्र. तीत गवंडी, बिगारी, सिमेंट, सळई, आणि शेवटी 'किरकोळ व आकस्मिक, शेकडा ५'. वही पुरी होते न होते तोच सिमेंटचा भाव चढतो. मग सुधारित अंदाजपत्रक, मग फेरसुधारित.

एकदा मी, अज्ञानाने, त्यांना सांगून बसलो की १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या ४३व्या कलमान्वये घराच्या केवळ अंतर्भागातील डागडुजीला परवानगीच लागत नाही. मामांचा चेहरा असा उतरला की जणू मी त्यांचे पेन्शन बंद झाल्याची वार्ता आणली होती. "परवानगी लागत नाही, ते काम कसले?" असे म्हणून त्यांनी त्याच रात्री नकाशात माळवदावर एक खोली चढवली. खर्च दुप्पट झाला; पण मिळकत पत्रिका, सामाईक भिंतीबद्दल शेजाऱ्याची संमती, असे सारे दप्तर मात्र यथासांग जमले. बांधकाम परवानगीची मुदत एक वर्षाची, ती वर्षावर्षाने आणखी फार तर तीन वर्षे वाढते. मामांनी ती चारही वर्षे भरून काढली, एक वीटही न लावता. आणि परवानगी व्यपगत झाली तरी नव्याने अर्ज करता येतो हे वाचून तर त्यांना त्या कायद्याविषयी कमालीचा आदर वाटू लागला.

गेल्या वैशाखात मामा कसल्याशा दाखल्यासाठी चार दिवस दौंडला गेले असता मामींनी दोन बिगारी लावून पांढरी माती चढवली, चोपण्याने चोपून घेतली आणि पन्हळाकडे उतार काढला. पहिल्या मोठ्या पावसाला मामा सवयीने घरात छत्री उघडून बसले. घटकाभर थेंब पडला नाही. त्यांनी वर पाहिले, छत्री मिटली, सर्व वृत्तांत ऐकून घेतला आणि वही ओढून विचारले, "ही रक्कम कोणत्या शीर्षाखाली दाखवायची?"

"अहो, भाजीच्या," मामी म्हणाल्या.

मामांनी तसे लिहिले, आणि पावतीसाठी हात पुढे केला.